वाळवंटात फोटो काढायला जाताना शरीराचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोंगरात फिरून फोटो काढायची बरीच वर्षं सवय आहे, दहा-बारा किलोची बॅग त्रास देत नाही, आणि आता दूरच्या वाळवंटात लँडस्केप फोटोग्राफीसाठी जायचं आहे. शारीरिकदृष्ट्या तिथे वेगळं काय असतं, पाणी किती लागतं, सामान किती न्यावं आणि एकट्याने गेलं तर चालेल का?

डोंगरातली सवय कामी येईल, पण तेवढ्यावर भागत नाही. सगळ्यात मोठा फरक वेळापत्रकाचा आहे. डोंगरात तुम्ही ऊन चढायच्या आत निघता, दुपारी सावली शोधता आणि अंधार पडायच्या आत खाली येता. वाळवंटात फोटोसाठी गेलेल्या माणसाला हे जमत नाही. वाळूच्या टेकड्यांना आकार येतो तो सूर्य क्षितिजाजवळ असताना. तेव्हाच कडांच्या लांब सावल्या पडतात आणि वाळूवरच्या बारीक लाटा उठून दिसतात. सूर्य थोडा वर आला की तीच टेकडी पांढुरकी आणि सपाट दिसायला लागते. म्हणजे उपयोगाचा प्रकाश सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर. त्या वेळी जागेवर हजर राहायचं तर एक चाल अंधारात होते आणि दुसरी रणरणत्या उन्हात. या दोन चाली निभावणं ही खरी अडचण आहे. कॅमेरा चालवणं त्यामानाने सोपं.

त्यातही संध्याकाळ जास्त फसवी. हवा सर्वात जास्त तापते ती बाराच्या ठोक्याला नाही, तर दुपारी तीन-चारच्या सुमारास. सूर्यास्ताची जागा दीड-दोन तासांच्या चालीवर असेल तर निघायची वेळ नेमकी तीच येते. वाळू तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. इराणच्या लूत वाळवंटात २००५ साली उपग्रहाने जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान ७०.७ अंश सेल्सियस नोंदवलं होतं. तेवढं सगळीकडे नसतं, पण पायाला फोड आणायला त्याहून बरंच कमी पुरतं. म्हणून मी लांबची जागा नेहमी सकाळसाठी ठेवतो आणि संध्याकाळचा फोटो गाडीपासून अर्ध्या तासाच्या आत काढतो. सकाळी जाताना थंडी असते आणि परतताना ऊन वाढत जातं, पण पाऊल गाडीकडे पडत असतं. संध्याकाळी सगळा जोर आधीच खर्ची पडतो आणि परतीची चाल अंधारात येते. दोन्हींपैकी एकच लांब चाल करायची असेल तर माझ्या मते यात विचार करण्यासारखं काही नाही.

नामिबियातल्या डेडफ्लेचं उदाहरण घेऊ, कारण ती जागा बहुतेकांच्या यादीत असते. उद्यानाच्या सेसरीम फाटकापासून साठ किलोमीटर डांबरी रस्ता, मग पाच किलोमीटर खोल वाळू, आणि त्यानंतर साधारण किलोमीटरभर पायी. पांढऱ्या मातीचं कोरडं तळं, त्यात सहा-सातशे वर्षांपूर्वी मेलेली आणि हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत अशी काळी झाडं, मागे केशरी टेकडी. प्रसिद्ध फ्रेम मिळते ती मागची टेकडी उन्हात आलेली आणि तळं अजून सावलीत असताना. तो वेळ फार थोडा असतो. तळ्यावर ऊन उतरलं की फोटो संपला. इथवर शरीराला काही झालेलं नसतं. गडबड होते ती त्यानंतर. शेजारी बिग डॅडी नावाची सव्वातीनशे मीटर उंचीची टेकडी उभी असते. वरून तळ्याचा फोटो घ्यावा असं वाटतं, हवा अजून सुखद असते, आणि लोक नऊ वाजता चढायला लागतात. माथ्यावर पोहोचेपर्यंत वाळू तापलेली, बाटली अर्ध्यावर आणि प्रकाश मावळलेला. वरचा फोटो हवाच असेल तर त्याची वेगळी सकाळ ठेवा, आणि त्या दिवशी खालची झाडं सोडून द्या.

आता चालण्याविषयी. वाळूत पाय रुततो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची किंमत किती पडते याचा अंदाज नसतो. कठीण जमिनीवर ज्या वेगाने चालतो त्याच वेगाने मऊ वाळूत चाललं तर शरीराची ऊर्जा दुपटीपासून पावणेतीन पटीपर्यंत जास्त खर्च होते, असं प्रयोगांत मोजलं गेलं आहे. सपाटीवरची ही गोष्ट. चढावर एक पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. तेव्हा नकाशावरचं दोन किलोमीटर अंतर पाहून वेळ ठरवू नका. डोंगरातल्या पायवाटेवर जितका वेळ लागतो त्याच्या किमान दुप्पट धरा.

टेकडीची रचना समजली तर बराच त्रास वाचतो. वाऱ्याकडची बाजू लांब, कमी उताराची आणि दाबून घट्ट झालेली असते. वाऱ्याआडची बाजू तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास तीव्र असते आणि तिथली वाळू नुसती ओतल्यासारखी सैल असते. चढायचं ते वाऱ्याकडच्या बाजूने किंवा माथ्यावरच्या धारदार कडेच्या जवळून. सैल बाजू फक्त उतरण्यासाठी. पाऊल पूर्ण सपाट टाका, टाच रोवू नका. सोबत माणसं असतील तर पुढच्याच्या पावलांत पाय टाका आणि पुढे चालणारा आलटून पालटून बदला.

पण फोटोग्राफरची इथे एक जादा पंचाईत असते, जी गिर्यारोहकाला नसते. चालायला सोपी असते ती कडच तुमच्या फोटोचा मुख्य विषय असते. तिच्यावरून गेलात तर पावलांची रांग फ्रेममध्ये येते आणि ती पुढचा जोराचा वारा सुटेपर्यंत पुसली जात नाही. म्हणून आदल्या दिवशी दुर्बिणीतून किंवा लांब लेन्समधून टेकडी नीट पाहून ठरवावं लागतं की उद्या कुठे उभं राहायचं, कुठल्या दिशेला बघायचं आणि तिथवर जायचा रस्ता फ्रेमच्या पाठीमागून कसा न्यायचा. हा वळसा कधी कधी मूळ अंतराएवढाच होतो, आणि तो अंधारात, सैल वाळूतून घालायचा असतो. पाण्याचा आणि वेळेचा हिशेब या वळशाच्या अंतरावर करा. नवख्या माणसाचं गणित चुकतं ते बहुधा इथेच: तो सरळ रेषेतलं अंतर मोजतो.

तयारी म्हणाल तर जिममधल्या ट्रेडमिलचा फारसा उपयोग नाही. जवळपास मऊ वाळू असेल तर तिच्यावर वजन घेऊन चालणं सर्वात चांगलं. नसेल तर वजन घेऊन पायऱ्या, एका पायावरचा तोल आणि पोटऱ्या-घोट्यांचा व्यायाम. वाळूत घोटा प्रत्येक पावलाला थोडा वाकडा पडतो आणि संध्याकाळपर्यंत पोटरीत गोळे येतात. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. थंड प्रदेशातून थेट वाळवंटात उतरून दुसऱ्याच दिवशी लांबची चाल ठेवणं मला मान्य नाही, माणूस कितीही तगडा असो. पहिले काही दिवस छोट्या चाली ठेवा, त्या वेळात जागा हेरा.

पाणी. हवा त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे ढोबळ पस्तीस अंशांपेक्षा जास्त गरम झाली की शरीराला थंड राहायचा एकच मार्ग उरतो: घाम वाळणं. वजन घेऊन उन्हात चालताना तासाला एक-दीड लिटर घाम सहज जातो. कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो, शर्ट ओला होत नाही, त्यामुळे आपण घामाघूम झालोय हे कळतच नाही. कळतं ते शर्टावर मिठाचे पांढरे डाग उमटल्यावर. तहानही उशिरा लागते. उष्ण दिवसांत मी माणशी दिवसाला किमान सहा ते आठ लिटर धरतो आणि एका दिवसाचं पाणी गाडीत वेगळं ठेवतो. त्याला आणीबाणीशिवाय हात लावायचा नाही.

मात्र एकदम पोटभर पाणी पिऊनही चालत नाही. तासाला साधारण लिटरभराच्या वर पाणी आतडी नीट शोषत नाहीत. आणि घामातून मीठ जात असताना नुसतं पाणीच पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम घसरतं. त्याची लक्षणं, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, ही पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात. मग माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी बिघडतो. प्रत्येक दोन-तीन बाटल्यांमागे एक बाटली ओआरएसची ठेवा आणि खारट काहीतरी खात राहा. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. गडद असेल तर पाणी कमी पडतंय. अगदी पाण्यासारखी असेल आणि डोकं दुखत असेल तर नुसतं पाणी थांबवा, मीठ घ्या.

एक बारीक गोष्ट, पण मोठा फरक पाडणारी: ट्रायपॉड लावून प्रकाशाची वाट बघताना लोक पाणी पीत नाहीत. चालताना आठवण राहते. उभं असताना डोळा व्ह्यूफाइंडरला, हात फिल्टरवर आणि बाटली बॅगेत तळाला. तासभर असा जातो. पाण्याची पिशवी आणि तोंडाशी येणारी नळी वापरली तर हे टळतं. नळी नको असेल तर बाटली ट्रायपॉडलाच अडकवा.

उष्णता डोक्यावर परिणाम करायला लागली हे ओळखायची माझी खूण कॅमेऱ्याचीच आहे. सवयीचं बटण सापडेना, आयएसओ (प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा) किती ठेवला होता हे पुन्हा पुन्हा बघावं लागतंय, लेन्सचं झाकण हातातून पडतंय, सोबत्याच्या साध्या प्रश्नावर चिडचिड होतेय. यातल्या दोन गोष्टी एका वेळी दिसल्या की फोटो थांबवायचा. घेरी, मळमळ, खूप थकवा, थंड आणि ओलसर त्वचा इथवर सावली, पाणी, मीठ आणि विश्रांतीने माणूस सावरतो. पण बोलण्यात असंबद्धता आली, चाल लडखडली, माणूस भलतंच वागू लागला तर तो उष्माघात समजा. शरीराचं आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मिनिटं मोलाची असतात. कपडे सैल करा, आहे ते सगळं पाणी अंगावर ओता, वारा घाला, मदत बोलवा. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

हे सगळं फार दूर, फार आत गेल्यावरच होतं असं नाही. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्समध्ये जिप्समची पांढरी वाळू असते आणि ती हाताला चक्क गार लागते. तिथे ऑगस्ट २०१५ मध्ये एक जोडपं आपल्या नऊ वर्षांच्या मुलाबरोबर साडेसात किलोमीटरच्या खुणा लावलेल्या वाटेवर निघालं, सोबत पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या. मुलगा वाचला, आईवडील वाचले नाहीत. वाळू गार आहे म्हणजे ऊन कमी आहे असं मनाला वाटतं, आणि पांढरी वाळू ऊन खालूनही अंगावर फेकत असते. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत, जिथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंशांची नोंद झाली, उन्हाळ्यात सकाळी दहानंतर चालू नका असं उद्यानाचे लोकच सांगतात. फोटोच्या दृष्टीने तरी दहानंतर तिथे काय उरतं?

डोळे आणि त्वचा यांच्याबद्दल थोडक्यात. पूर्ण बाह्यांचे सैल कपडे घाला. उघड्या अंगावरून घाम जास्त वेगाने उडून जातो आणि अंगातलं पाणी लवकर कमी होतं. मानेवर कापड हवं, कारण फोटो काढताना मान सतत खाली असते. पोलराइज्ड गॉगल लावून कॅमेऱ्याची स्क्रीन एका कोनात काळी दिसते, म्हणून साध्या काचेचा गॉगल बरा. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर चष्मा न्या. धुळीत कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे डोळ्यांचे हाल.

सामानाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि बॅगेचं वजन जर ठरलेलं असेल तर पाण्याला जागा लेन्सने द्यायची. कॅमेऱ्याची एक बॉडी, एक वाइड झूम, एक ७०-२०० मिलिमीटरची लांब झूम लेन्स आणि तीही हलकी, एफ ४ ची. जास्त प्रकाश घेणारी, जड एफ २.८ ची लेन्स इथे ट्रायपॉडवर छिद्र लहान करून एफ ११ लाच वापरली जाणार आहे, मग ते जादा वजन कशासाठी वाहायचं? एकच लेन्स न्यायची वेळ आली तर मी ७०-२०० नेतो. वाळूच्या कडा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात त्या लांब लेन्समधून, आणि ती असली की प्रत्येक फ्रेमसाठी टेकडी चढावी लागत नाही. पाय वाचवणारी लेन्स म्हणून तिचं महत्त्व फारसं कुणी सांगत नाही.

ताशी वीसेक किलोमीटरचा वारा सुटला की वाळूचे कण उड्या मारत पुढे सरकायला लागतात. बहुतेक कण गुडघ्याच्या खालीच असतात. वर येते ती बारीक धूळ. म्हणून जमिनीवर ठेवलेली उघडी बॅग आणि खाली बसवलेला ट्रायपॉड यांना सर्वात जास्त मार बसतो, आणि आडवं पडून फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांनाही. ट्रायपॉडचा सर्वात खालचा भाग आधी उघडा, म्हणजे सांधा वाळूच्या वर राहतो, आणि मुक्कामी पाण्याने धुतल्याशिवाय तो आत ढकलू नका. लेन्स बदलायची ती गाडीत. वाळूचं वादळ उठलं तर फोटोचा मोह सोडून तोंडाला कापड बांधा, वाऱ्याकडे पाठ करून बसा आणि जागचे हलू नका.

सूर्यास्तानंतरची परतीची चाल हा वेगळा धडा आहे. ढग नाहीत, हवेत बाष्प नाही, त्यामुळे जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि दिवसा-रात्रीच्या तापमानात वीस-तीस अंशांचा फरक पडू शकतो. बॅगेखाली घामाने ओला राहिलेला शर्ट अंगावर गार पडतो. बॅगेत एक कोरडा थर आणि वारारोधक जाकीट हवंच, उन्हाळ्यातही. दिशेची गोष्ट त्याहून गंभीर. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेतले यान सूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. रात्री चालणाऱ्याचा चंद्र दिसेनासा झाला आणि तो वळत वळत आल्या दिशेला फिरला, आपण सरळच चाललोय असं समजत. हेडलॅम्पच्या झोतात तर सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात आणि सकाळची पावलं वाऱ्याने पुसलेली असतात. गाडी सोडतानाच जीपीएसवर तिची जागा नोंदवा आणि पूर्ण वाट रेकॉर्ड करत जा. नुसत्या फोनवर विसंबू नका. आयफोनसाठी कंपनीने सांगितलेली हवेच्या तापमानाची मर्यादाच ० ते ३५ अंश आहे, आणि उन्हात तापलेला फोन ऐन वेळी बंद पडतो.

खडकांतल्या अरुंद घळी फोटोंमुळे फार लोकप्रिय झाल्या आहेत. तिथे शत्रू पाणी आहे. ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी अकरा पर्यटक लोंढ्यात गेले. मुख्य पाऊस त्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला पडला होता. डोक्यावरचं आकाश निळं आहे हा पुरावा नाही. संपूर्ण पाणलोटाचा अंदाज पाहा, आणि कोरड्या नदीपात्रात मुक्काम करू नका. चिलीतल्या अटाकामासारख्या उंचावरच्या वाळवंटात विरळ हवाही जोडीला येते. तिथले एल तातियोचे गरम पाण्याचे झरे ४,३०० मीटरच्या आसपास आहेत आणि त्यांची वाफ पहाटेच्या गोठवणाऱ्या थंडीतच चांगली दिसते. आधी खालच्या उंचीवर दोन-तीन रात्री काढल्याशिवाय तिथे जाऊ नका. साप-विंचवांची भीती लोकांना सर्वात जास्त वाटते, त्या मानाने त्यांचा त्रास कमी होतो. बूट झटकून घाला, आणि खालच्या कोनासाठी आडवं होण्याआधी ती जागा ट्रायपॉडच्या पायाने चाळवून बघा. नामिबमधला फुरशाच्या कुळातला एक छोटा विषारी साप वाळूत फक्त डोळे वर ठेवून पुरून घेतो.

गाडी रुतली तर पहिल्यांदा इंजिन रेटू नका. सैल वाळूत टायरमधला हवेचा दाब पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवायचा असतो, म्हणून पुन्हा भरायला कंप्रेसर हवा. फावडं आणि चाकांखाली घालायच्या पट्ट्या हव्यात. दुपारी रुतला असाल तर लगेच खणायला घेऊ नका. गाडीच्या सावलीत बसा आणि ऊन कलल्यावर खणा. भर उन्हात तासभर खणून जितका घाम जातो तो भरून काढायला पाणी कमी पडतं. आणि काहीही झालं तरी गाडी सोडून पायी मदत शोधायला निघू नका. शोधणाऱ्यांना गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

शेवटचा प्रश्न एकट्याने जाण्याचा. पक्क्या रस्त्यालगत, गाडी नजरेत ठेवून, थंडीच्या महिन्यांत, हो. मला स्वतःलाही असं काम आवडतं, कारण प्रकाशाची वाट बघताना दुसऱ्याची घाई नसते. पण रस्ता सोडून आत जायचं असेल तर दोन माणसं आणि शक्यतो दोन गाड्या, याला माझ्याकडे अपवाद नाही. उष्माघातात पहिली जाते ती निर्णयशक्ती, आणि आपली निर्णयशक्ती गेली आहे हे एकट्या माणसाला सांगणारं कुणी नसतं. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा, हे अशा माणसाला लिहून द्या जो खरोखर फोन उचलून हालचाल करेल. परतीची वेळ पाण्यावरून ठरवा: पिण्यासाठी घेतलेल्यातलं निम्मं संपण्याआधी मागे फिरायचं, समोर कितीही सुंदर प्रकाश असो. सॅटेलाइट मेसेंजर किंवा बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र, घ्या, पण बॅगेत ठेवू नका. फोटो काढताना आपण बॅग ट्रायपॉडपाशी टाकून चांगल्या कोनाच्या शोधात शंभर-दोनशे पावलं सहज भटकतो, आणि पाय मुरगळतो तो नेमका तिथे. बीकन पट्ट्याला किंवा शर्टाच्या खिशात असू द्या, एका हाताने काढता येईल असा.